उत्तर: क्वेकर इतके कमी का झाले?

क्वेकर हा इंग्लंडमध्ये सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. युद्धाला नकार दिल्यामुळे तो आटला, असं म्हटलं जातं. इंग्लंडपुरतं तरी मला हे पटत नाही. तिथे जास्त घात केला तो लग्नाच्या नियमाने. पंथाबाहेरच्या माणसाशी लग्न केलं की सभासदत्व रद्द! एखाद्या खेड्यात क्वेकरांची चारच घरं, त्यांतही नात्यातली. अशा ठिकाणी मुलीने शेजारच्या, चर्चला जाणाऱ्या, म्हणजे क्वेकर नसलेल्या मुलाशी लग्न केलं, तर क्वेकरांच्या स्थानिक सभेच्या वहीत तिच्या नावाने ठराव लिहिला जायचा, आणि ती बाहेर. तिची मुलंही मग पंथाची उरत नसत.

१८५८ मध्ये ऱ्हासाची कारणं शोधण्यासाठी चक्क १०० गिनी (जुनं इंग्रजी चलन) बक्षिसाची निबंधस्पर्धा जाहीर झाली. जिंकलेल्या जॉन स्टीफन्सन राउंट्री या क्वेकर तरुणाने याच नियमावर बोट ठेवलं. आपल्याच लोकांना हे तोंडावर सांगायला केवढं धैर्य लागलं असेल! मग १८६० च्या सुमारास नियम बदलला, साध्या पोशाखाची सक्तीही गेली. पण तोवर ब्रिटनमध्ये जेमतेम १४ हजारांच्या आसपास सभासद उरले होते. हाकलून दिलेल्यांपैकी कितीतरी जण मनाने क्वेकरच होते, याचं मला फार वाईट वाटतं.