मदत हवी आहे: थाई पद्धतीचा झणझणीत शेंगदाणा सॉस

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. शनिवारी लेकीच्या मैत्रिणी जेवायला येताहेत, पनीर सातेचा (काडीला लावून भाजलेल्या पनीरचा) बेत आहे. सोबतचा सॉस काल करून पाहिला: १ वाटी भाजलेल्या दाण्यांचं कूट, अर्धी वाटी नारळाचं दूध, २ चमचे लाल थाई करी पेस्ट, चिंचेचा कोळ, गूळ. चव अगदी हवी तशी आली! पण उकळी येताच तेल सुटलं आणि गार झाल्यावर पिठल्यासारखा गोळा झाला. कूट लोण्यासारखं मऊ वाटायला हवं होतं का? की आच मंद ठेवायची? गरम पाणी किती घालू?

दोघी मुली शाकाहारी आहेत, त्यामुळे फिश सॉस नकोच. करी पेस्टच्या घटकांतही कोळंबी लिहिलेली दिसली. बिनकोळंबीची पेस्ट ठाण्यात कुठे मिळेल? किंवा सुक्या लाल मिरच्या, गवती चहा, लसूण वाटून घरीच जमेल का?