पोटातून अन्न देण्याची नळी घालताना दुर्बीण शेवटी का? (चर्चा)

टाक्याचा_माणूस

गिळता न येणाऱ्या रुग्णाला अन्नासाठी नाकातली नळी चार ते सहा आठवड्यांहून जास्त लागणार असं दिसलं, की थेट जठरात नळी घालावी यावर फारसं दुमत नाही. वाद आहे तो ती घालायची कशी यावर. १९८० साली गॉडरर, पॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी पोट न उघडता एंडोस्कोपीने (तोंडातून जठरात कॅमेरा उतरवून) नळी घालायची पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून आधी ही पद्धत, म्हणजे 'पेग', आणि ते जमलं नाही तरच दुर्बिणीची शस्त्रक्रिया (लॅपरोस्कोपी, पोटाच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून), असा क्रम पडून गेला. सगळ्या रुग्णांना हाच क्रम लावणं मला चुकीचं वाटतं.

पेग करताना जठर फक्त आतून दिसतं. जठर आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये मोठं आतडं किंवा यकृताची कड आली आहे का, ते बाहेरून दिसणाऱ्या उजेडावरून आणि बोटाच्या दाबावरून ठरवावं लागतं. सुई आतड्यातून आरपार जठरात गेली तर महिनोन्महिने कळतही नाही. नळी बदलायची वेळ येते, नवी नळी मोठ्या आतड्यातच थांबते आणि दिलेलं अन्न तासाभरात जुलाबावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं.

दुर्बिणीत ही अडचण राहत नाही. बेंबीपाशी ५ मिमीचा पोर्ट (कॅमेरा-हत्यारं आत न्यायचं छिद्र), पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड, दाब १० ते १२ मिमी पारा. पकडीचा दुसरा पोर्ट डाव्या बरगडीखाली, नळी जिथून बाहेर काढायची नेमका तिथेच, म्हणजे वेगळी जखम नको. जठराची पुढची भिंत मोठ्या कडेजवळ, पायलोरसपासून (जठराच्या आतड्याकडच्या तोंडापासून) लांब पकडायची आणि ताण न देता वर येते का ते पाहायचं. इथे घाई केली की पुढे उलट्या आणि आम्ल वर येणं मागे लागतं. तीन-चार टी-फासनर (जठर पोटाच्या भिंतीला धरून ठेवणारे टी-आकाराचे टाके) किंवा यू टाके घालून, दाब ६ ते ८ वर उतरवून मगच बांधायचे, नाहीतर फुगलेल्या पोटावर बांधलेला टाका नंतर सैल पडतो. मग सुई, तार, मार्ग रुंद करायला एकाहून एक जाड डायलेटर आणि १८ किंवा २० फ्रेंच जाडीची, आत फुग्याने अडकणारी नळी. शेवटी नळीतून हवा सोडून जठर फुगतंय ना आणि बाजूने गळत नाही ना, हे डोळ्यांनी पाहून दुर्बीण काढायची.

लहान मुलं, आधी पोटाची शस्त्रक्रिया झालेले, जठराचा भाग छातीत सरकलेले, तोंड-घशाचा कर्करोग असलेले: एवढ्यांना तरी हा पहिला पर्याय असावा.

पचनमार्गी

यादीशी बरंचसं सहमत, युक्तिवादाशी नाही. पेग म्हणजे अंदाजाचं काम, असं चित्र तुम्ही उभं केलंत. नीट केलेल्या पेगमध्ये तीन खुणा एकाच जागी जुळाव्या लागतात. अंधार केल्यावर त्वचेवर उजेड स्पष्ट दिसला पाहिजे. बोट दाबल्यावर जठराची भिंत टोकदार आत आली पाहिजे. पसरट दाबली गेली तर मध्ये काहीतरी आहे. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, आणि तीच वगळली जाते. भुलीच्या औषधाची सुई पिस्टन मागे ओढत ओढत आत न्यायची. सुईचं टोक एंडोस्कोपमधून दिसण्याआधीच सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे आले, तर ती हवा जठरातली नाही, आतड्यातली आहे. जागा बदला, किंवा थांबा आणि सीटी स्कॅन करा. आतडं टोचल्याच्या ज्या घटना तुम्ही सांगता, त्यांत बऱ्याचदा हीच पायरी गाळलेली असते.

आता दुसरी बाजू. आपले बहुतेक रुग्ण पक्षाघाताचे, वयस्कर, छातीत कफ भरलेले. पेग हलक्या गुंगीत वीसेक मिनिटांत, एंडोस्कोपीच्या खोलीतच होतं. अर्धा तास आधी सेफाझोलिन या प्रतिजैविकाचा एक डोस आणि नंतर चार तासांनी नळीतून अन्न सुरू. त्याच माणसाला पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची, पोटात वायू भरायचा, हे कशासाठी?

भूलशास्त्री

भुलीच्या बाजूने दोघांनाही थोडं थोडं सांगायचं आहे.

मोटर न्यूरॉन आजारात (यात मज्जापेशी झिजून स्नायू दुबळे होत जातात) एका दमात बाहेर सोडता येणारी हवा अपेक्षेच्या ५० टक्क्यांखाली जाण्याआधी नळीचा निर्णय व्हावा, असं सांगितलं जातं ते उगाच नाही. त्यानंतर पोटातला वायू डायफ्रॅम (श्वासपटल) वर ढकलतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड चढतो आणि श्वासनलिकेतली नळी वेळेवर काढता येत नाही. सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं औषध तर या रुग्णांना द्यायचंच नाही, पोटॅशियम झपाट्याने वाढून हृदय थांबू शकतं.

पण 'हलकी गुंगी' म्हणजे सुरक्षित, हा पचनमार्गींचा सूर मला काळजीत टाकतो. लाळ गिळता न येणारा माणूस उताणा, तोंडात एंडोस्कोप, वर गुंगीचं औषध, आणि श्वासमार्गाला कसलंच संरक्षण नाही. लाळ फुफ्फुसात जायला याहून सोयीची स्थिती नाही. डोकं ३० अंश वर, सक्शन हाताशी आणि गुंगीवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस, हे नसेल तर तुमची वीस मिनिटंही महाग पडतात. अशा श्वास कमजोर रुग्णांत तिसरी वाट आहे: नाकातल्या बारीक नळीने जठर हवेने फुगवून, क्ष-किरणांखाली, फक्त जागा बधिर करून नळी घालणं.

टाक्याचा_माणूस

मोटर न्यूरॉन आजाराचं मान्य, तिथे माझा आग्रह सोडतो. तोंड-घशाच्या कर्करोगाचा नाही सोडत. ओढून घालायच्या पेगमध्ये नळीचा बंपर (जठरात अडकून राहणारं रुंद टोक) तोंडातून, गाठीला घासत खाली येतो. पोटावरच्या छिद्रात त्याच कर्करोगाची गाठ उगवल्याच्या नोंदी आहेत. क्वचित घडतं, पण ज्याची मूळ गाठ बरी होण्यासारखी आहे त्याच्या बाबतीत मी ही जोखीम घेऊ देणार नाही.

शिवाय गोंधळलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी नळी उपसतो, तेव्हा काय होतं? साध्या पेगमध्ये जठर भिंतीला फक्त बंपरने धरलेलं असतं. नळी गेली की जठर मागे पडतं आणि आतला पाझर पोटात. टाके असतील तर जठर जागेवर राहतं.

पचनमार्गी

टी-फासनर पेगसोबतही घालता येतात, त्यासाठी दुर्बीण लागत नाही. घशाच्या कर्करोगातही पोटाकडून नळी आत ढकलायची पद्धत आहे, बंपर तोंडातून जात नाही. मुलांच्या बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. आतडं जठराला खेटून असतं, जागा कमी, आणि पूर्ण भूल बहुधा दोन्ही पद्धतींत लागतेच. मग आत पाहून घातलेलं बरं.

वॉर्डातली_सिस्टर

नळी कोणी घातली यापेक्षा कोणती घातली हे घरच्यांना जास्त भोगावं लागतं, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

पेगच्या बंपरवाल्या नळीत बाहेरची चकती त्वचेला घट्ट आवळली की आतला बंपर हळूहळू जठराच्या भिंतीत रुतत जातो. आधी अन्न जोर लावून ढकलावं लागतं, मग बाजूने गळतं, मग नळी आत सरकतच नाही. तोवर उशीर झालेला असतो. चकती आणि त्वचेत अर्धा ते एक सेंटिमीटर मोकळीक हवी. जखम भरल्यावर आठवड्यातून एकदा तरी नळी दोनेक सेंटिमीटर आत ढकलून, गोल फिरवून परत आणायची. पण आतड्यापर्यंत नेलेली किंवा टाक्याने अडकवलेली नळी कधीच फिरवायची नाही.

फुग्याच्या नळीत उलटी तऱ्हा. फुगा फुटतो, नळी गळून पडते, म्हणून तीन ते सहा महिन्यांनी बदलावी लागते. फुग्यात निर्जंतुक पाणीच, सलाइन नाही, मिठाचे कण झडपेत बसतात. दर आठवड्याला पाणी काढून मोजायचं, कमी भरलं तर नळीवर छापलेल्या मापाइतकं पुन्हा घालायचं. बाहेरचा आकडा न पाहता नळी आत सरकू दिली तर फुगा पायलोरसमध्ये जाऊन बसतो आणि रुग्ण अचानक उलट्या करू लागतो. तेव्हा उलटीचं औषध देण्याआधी आकडा पाहा.

आणि नळी निसटली तर? पहिल्या चार आठवड्यांत घरी काहीही आत ढकलायचं नाही, रुग्णालय गाठायचं. मार्ग पक्का झालेला असेल तर तो काही तासांत मिटायला लागतो, म्हणून शिकवलेल्या माणसाने त्याच मापाचा फोली (लघवीसाठी वापरतात ती फुग्याची नळी) घालून मार्ग उघडा ठेवायचा. जागा तपासल्याशिवाय त्यातून अन्न मात्र द्यायचं नाही.

मेंदूविकार_ओपीडी

एंडोस्कोपी की दुर्बीण याआधी 'आत्ताच का' हा प्रश्न येतो. २००५ च्या 'फूड' (FOOD) नावाच्या चाचणीत पक्षाघातानंतर लवकर पेग केलेल्या रुग्णांत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व नाकातल्या नळीपेक्षा ७.८ टक्के गुणांनी जास्त दिसलं. पहिले दोन-तीन आठवडे नाकातलीच नळी बरी. अनेकांचं गिळणं तेवढ्यात परत येतं. आणि शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा नाही. तिथे चमच्याने, सावकाश, हाताने भरवणं. दोन्ही पद्धतींच्या कैवाऱ्यांनी हे नातेवाइकांना आधी सांगावं.

टाक्याचा_माणूस

पूर्ण सहमत. एक भर घालतो. जठरातलं अन्नच वर येऊन फुफ्फुसात जात असेल, तर जठरातल्या नळीने, ती कशीही घातली तरी, काही सुधारत नाही. तिथे दुर्बिणीतून लहान आतड्यात नळी घालायची, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) संपतो तिथून २० ते ३० सेंमी पुढे. आतड्याला एकाच टाक्यावर लटकवू नका, त्या बिंदूभोवती ते पिळतं. काही सेंटिमीटर लांबीत भिंतीला शिवा. आणि अन्न पंपाने, ताशी २० मिलीपासून सुरू करून हळूहळू वाढवा. सिरिंजने एकदम दिलं तर पोट कळवळतं आणि जुलाब लागतात.

वॉर्डातली_सिस्टर

त्या नळीतून गोळ्यांची पूड देऊ नका एवढं लिहायचं राहिलं. ती बारीक असते, एकदा तुंबली की पुन्हा थिएटरच. औषध द्रवरूपच, आधी आणि नंतर ३० मिली पाणी.