अलॉय रिम टाकल्यापासून गाडी डावीकडे ओढते, तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झाली तरी तेच

अमळनेरकर_भो:
मंडळी, जुनी हॅचबॅक आहे. दिवाळीला धुळ्याहून सेकंडहॅंड अलॉय आणले, साइज तीच 14 इंच पण दिसायला रुंद, म्हटलं बरंय. आता पाच जण बसले की स्पीडब्रेकरवर मागचा टायर फेंडरला घासतो, परवा भरीत पार्टीला शेतात जाताना तर असा खर्रर्र आवाज आला की मागे बसलेले सगळे गप्प. वरून स्टेअरिंग सोडलं की गाडी डावीकडे जाते. अलाइनमेंटवाला दरवेळी पैसे घेतो नी म्हणतो झालं. नेमकी काय भानगड आहे?

चाळीसगाव_डिझेल:
स्पेसर (हब म्हणजे चाक बसतं तो भाग नी रिम यांच्यात बसणारी चकती) टाक भो, घासणं बंद होईल.

रावेरचा_केळीवाला:
अरे स्पेसरने चाक अजून बाहेर येईल, उलट जास्त घासेल 😄 काहीही सांगू नका रे.
भाऊ, दोन वेगळी दुखणी एकत्र करू नका. घासतंय ते ऑफसेटमुळे. रिमच्या आतल्या बाजूला बघा, 5J ET45 असं काहीतरी कोरलेलं असतं. J च्या आधीचा आकडा म्हणजे इंचात रुंदी, आणि ET म्हणजे ऑफसेट, रिमचा हबला टेकतो तो भाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते. ET कमी झाला की चाक बाहेर सरकतं. जुने आणि नवे दोन्ही आकडे टाका.

अमळनेरकर_भो:
जुने रिम घराच्या धाब्यावर (छतावर) पडले होते, जाऊन पाहिले. 5J ET45. नव्यावर 6J ET35.

रावेरचा_केळीवाला:
मग हिशोब सोपा आहे. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्हीकडे 12.7 मिमी. ET 10 ने कमी, म्हणून बाहेर 12.7 अधिक 10, एकूण 22.7 मिमी. आत फक्त 2.7. चाक जवळपास सव्वादोन सेंटीमीटर बाहेर आलंय, घासणारच ना! बेअरिंगवरही ताण वाढतो, स्टेअरिंग खड्ड्यात जास्त झटकतं. हे कुठल्याही अलाइनमेंटने जाणार नाही, मशीन चाकाचा कोन बघते, चाक किती बाहेर आलंय ते नाही.

भुसावळ_गॅरेज:
ओढण्याचं मी सांगतो. आधी सकाळी गार टायरमध्ये हवा बघा, मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदला. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. नाही गेली तर अलाइनमेंटची प्रिंट दाखवा. आणि हो, आपले रस्ते कडेला उतरते असतात, थोडी डावीकडे सगळ्याच गाड्या जातात, सपाट जागी बघा.

अमळनेरकर_भो:
टायर बदलून पाहिले, ओढ डावीकडेच. प्रिंटमध्ये टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते) हिरवा, म्हणजे ठीक. कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल, अंशात) डावा +0.8, उजवा -0.3, डावा लाल दिसतोय.

भुसावळ_गॅरेज:
हे घ्या. ज्या बाजूला कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, गाडी तिकडे ओढते. साध्या हॅचबॅकला पुढे फक्त टो फिरवता येतो, टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाकाला जोडणारा दांडा) फिरवून. कॅम्बर बहुतेक गाड्यांत बदलता येतच नाही, म्हणून अलाइनमेंटवाला टो हिरवा करून पैसे घेतो नी मोकळा. डावा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकला असेल, चाकाचा खालचा भाग आत गेला की कॅम्बर पॉझिटिव्ह दाखवतो. कुठे जोरात आपटली होती का?

अमळनेरकर_भो:
धरणगाव-पाळधी रस्त्यावर पावसाळ्यात, डावं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात. म्हणजे अलॉयच्या आधीच. तेव्हाही थोडी ओढायची, मी लक्षच दिलं नाही.

भुसावळ_गॅरेज:
मग तेच. रुंद रिम आणि कमी ऑफसेटने ती ओढ आता हाताला जास्त जाणवते एवढंच. आधी आर्म नी त्याचे रबरी बुश उघडून बघा, मग टो सेट करा. डाव्या टायरच्या गोट्यांवर (रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या उंचवट्यांवर) तळवा फिरवा, एकीकडून गुळगुळीत नी उलटीकडून करवतीसारखं लागलं तर टोनेही खाल्लाय, टायर वाचेल का बघून घ्या.

अमळनेरकर_भो:
फिरवला. करवतच आहे. जुने रिम धाब्यावरून उतरवले.

चाळीसगाव_डिझेल:
मग अलॉय विकणार का? 😅