घरातली धूळ सूक्ष्मजीवांसाठी गोळा करायचीये: स्वॅब, व्हॅक्यूम की पेट्री डिश?

धूळभेट

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचनमात्र होते, आज गाडी अडली म्हणून लिहायला घेतलं. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ४० घरांतली धूळ गोळा करायचीये, निम्मी घरं ओल धरलेली आणि निम्मी कोरडी, आणि बघायचंय असं की ओलीच्या घरात बुरशी आणि बॅक्टेरिया वेगळे असतात का, म्हणजे कुठले आहेत तेही आणि किती आहेत तेही. डीएनए काढून सिक्वेन्सिंग करणार (कुठले आहेत ते कळायला), शिवाय क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवत किती आहेत ते मोजायला). इथपर्यंत सगळं छान. पण धूळ उचलायची कशी यावर आमच्या लॅबमध्ये तीन माणसं आणि चार मतं आहेत.

एक म्हणतो दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवर स्वॅब फिरव, दोन मिनिटांचं काम, अमेरिकेत साधारण १२०० घरांचा मोठा अभ्यास असाच झाला, लोकांनी आपापल्या घरी स्वतःच स्वॅब घेऊन पाठवले. दुसरी म्हणते स्वॅबवर काय डोंबलाची धूळ येते, व्हॅक्यूम क्लीनरला फिल्टर लाव आणि जमिनीवरून भरपूर उचल. सरांचं मत की रिकाम्या पेट्री डिश महिनाभर उघड्या ठेवायच्या आणि पडेल ती धूळ घ्यायची, पण मग प्रत्येक घरी दोनदा जावं लागणार. आणि एक सीनियर मध्येच म्हणाला की श्वासातून हवा जाते, धूळ नाही, तर सरळ एअर सॅम्पलरच वापर ना.

माझा विचार असा होता की ज्या घरात जे जमेल ते घ्यावं, कार्पेट असेल तिथे व्हॅक्यूम आणि नसेल तिथे स्वॅब. चालेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

नमुनेदार

शेवटचा विचार आधी डोक्यातून काढा. मिळेल त्या घरात मिळेल ते असं केलंत की पुढे जो फरक दिसेल तो घराचा का पद्धतीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. एक पद्धत, सगळ्या घरांत तीच, आणि हातही शक्यतो एकाच माणसाचा.

आता चौकटीचा स्वॅब. मी वापरलाय आणि तो वाईट नाही, पण त्याला घड्याळ नाही. ती धूळ आठवड्याची आहे का पाच वर्षांची हे कोण सांगणार? त्या १२०० घरांच्या कामाला ते चालून गेलं कारण त्यांचे प्रश्न मोठ्या फरकांचे होते, घरात कुत्रं-मांजर आहे का, बायका जास्त का पुरुष जास्त, घर कुठल्या भागात आहे. बुरशी बरीचशी बाहेरच्या हवेवर ठरत होती आणि बॅक्टेरिया घरात राहतं कोण यावर, हे दिसायला जुनी-नवी धूळ मिसळलेली असली तरी बिघडत नाही. तुमचा प्रश्न ओलीचा आहे आणि तिथे खरी गोम आहे: ओल आलेल्या घरात माणसं जास्त पुसतात! काळे डाग दिसले की फडकं घेतात, कोणी ब्लीच मारतं, आणि पुसता पुसता हात चौकटीवरही फिरतो. म्हणजे तुमची चूक नेमकी तुम्ही ज्याची तुलना करताय त्याच गोष्टीला चिकटलेली असणार, आणि अशी चूक घरं वाढवून जात नाही, ४० ची ४०० केलीत तरी.

डिशचं तसं नाही. आज ठेवली, अठ्ठाविसाव्या दिवशी उचलली, म्हणजे ही धूळ अठ्ठावीस दिवसांची, संपला विषय. किती दिवसांत किती चौरस सेंटिमीटरवर किती, असं छातीठोक लिहिता येतं. एका नेहमीच्या ९ सेंमीच्या डिशचं क्षेत्रफळ साधारण ६० चौरस सेंमी भरतं, म्हणून दोन ठेवा, शेजारी शेजारी. तुमचे सर बरोबर आहेत, त्यांना सांगू नका.

फक्त डिशचा पक्षपात लक्षात ठेवा. तिच्यात जड कण आधी पडतात. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे दीड मीटरवरून आठ-नऊ मिनिटांत जमिनीवर, आणि १ मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर उतरायला बारा तास घेतो, आणि घरातली हवा बारा तास स्थिर राहते कुठे. म्हणजे त्वचेच्या पापुद्र्यावर बसून आलेले बॅक्टेरिया आणि मोठे बीजाणू डिशमध्ये भरपूर, एकटेदुकटे बारीक बीजाणू कमी. पण हा पक्षपात सगळ्या घरांत साधारण सारखाच, त्यामुळे तुलनेला चालतो.

एक किस्सा सांगतो. एका घरी कपाटावर डिश ठेवून आलो, महिन्याने गेलो तर डिश चकाचक. आजींनी सांगितलं, अरे तुझी ती बशी धुळीने भरली होती, मी घासून पुसून ठेवलीये. आजी इतक्या प्रेमाने बोलल्या की मी थँक्यू म्हणून बाहेर पडलो. तेव्हापासून डिशखाली कार्ड चिकटवतो, मोठ्या अक्षरात, "धूळच हवी आहे, पुसू नका".

बुरशीबाई

नमुनेदारांशी बरंचसं सहमत, पण व्हॅक्यूमला असं वाऱ्यावर सोडू नका बुवा. डिशमध्ये येतं ते त्या एका महिन्यात हवेत उडून खाली बसलेलं. तुमची ओल जर दोन महिन्यांपूर्वीची असेल आणि आता भिंत सुकली असेल तर डिश म्हणेल घर ठणठणीत आहे, आणि गादी-कार्पेटच्या धुळीत मात्र जुना इतिहास बसलेला असतो. शिवाय रांगतं मूल जमिनीवरच असतं, कपाटावर नाही.

पण करणार असाल तर नीट करा. क्षेत्रफळ आखून घ्या, टेप लावून १ चौरस मीटर किंवा २, आणि वेळ मोबाईलवर लावून ठरलेली मिनिटं, सगळीकडे तेवढीच. वजन करायच्या आधी ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून धूळ चाळा, नाहीतर केस, धागे, पेन्सिलीचा छिलका यांचंच वजन धराल. आणि नळीचं तोंड! मी सुरुवातीला फिल्टर बदलायचे पण पुढचं तोंड नुसतं झटकायचे. एकदा दिवसाचं पहिलं घर मांजरवालं होतं आणि त्या दिवशीच्या पुढच्या तिन्ही घरांत, जिथे मांजराचा मागमूस नाही, तिथे मांजराचं ॲलर्जन थोडं थोडं कमी होत गेलेलं मिळालं. पायऱ्या उतरावी तसं. एवढा सुंदर ग्राफ मला परत कधी आला नाही. तेव्हापासून प्रत्येक घराला वेगळं, धुऊन-अल्कोहोलने पुसून-वाळवून आणलेलं तोंड.

आता ज्यावर लोक सगळ्यात जास्त आपटतात ते. ग्रॅममागे मोजायचं की चौरस मीटरमागे? समजा दोन घरांत प्रति ग्रॅम बुरशी सारखीच आहे, पण एकात १ चौरस मीटरला अर्धा ग्रॅम धूळ निघते आणि दुसऱ्यात पाच ग्रॅम. ग्रॅमच्या हिशेबात दोन्ही सारखी, जमिनीच्या हिशेबात दुसऱ्यात दहापट. कुठला आकडा खरा? दोन्ही खरे, प्रश्न वेगळे आहेत. धूळ कसली आहे ते ग्रॅम सांगतो, माणसाच्या वाट्याला किती आहे ते चौरस मीटर. दोन्ही लिहा, आणि कुठला मुख्य हे सॅम्पलिंगच्या आधी ठरवून ठेवा, रिझल्ट बघून नाही. स्वॅबमध्ये या दोन्हीपैकी धड काहीच मिळत नाही, हा माझा त्याच्यावरचा खरा राग.

कोणीतरी तुम्हाला ईआरएमआय सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या संशोधकांनी काढलेला तो बुरशीचा निर्देशांक, व्हॅक्यूमच्या धुळीत ३६ जातींचं क्यूपीसीआर, २६ ओलीशी संबंधित आणि १० सगळीकडे सापडणाऱ्या, दोन गटांच्या लॉगच्या बेरजांची वजाबाकी. डोकं लावून केलेलं आहे, पण तो संशोधनापुरता आहे, रोजच्या घरतपासणीसाठी नाही असं ते खातं स्वतःच म्हणतं. शिवाय तो अमेरिकेतल्या घरांवर बसवलेला आहे, दुसरीकडे आकडा तसाच उचलून लावू नका.

धूळभेट

बापरे, मांजराच्या पायऱ्या 😄 दोघांचेही खूप आभार. म्हणजे आता डिश नक्की वाटतेय. पण दोन डिशमध्ये मिळून डीएनए पुरेल का? उघड्या डोळ्यांना तर महिन्याने काहीच दिसत नाही म्हणतात. ते इलेक्ट्रोस्टॅटिक कापडवालं वापरलं तर जास्त धूळ धरेल ना? आणि एअर सॅम्पलरबद्दल कोणीच बोललं नाही.

शंकासुर

एअर सॅम्पलरबद्दल मी बोलतो. अँडरसनचा इम्पॅक्टर, म्हणजे हवा ओढून तिच्यातले कण मिडियमच्या डिशवर आपटवणारं यंत्र, मिनिटाला २८.३ लिटर हवा ओढतो, पाच मिनिटं चालवलात तर जेमतेम १४० लिटर. त्या पाच मिनिटांत कोणी गादी झटकली तर आकडा आभाळात, सगळे झोपलेले असतील तर तळाला. एका घराचे सकाळ-संध्याकाळचे आकडे दोन वेगळ्या घरांपेक्षा जास्त वेगळे येऊ शकतात. शिवाय त्यात मिडियमवर जे वाढतं तेवढंच दिसतं. तुमच्या सीनियरला म्हणावं बरोबर आहे, श्वासात हवाच जाते, पण तुम्ही पाच मिनिटं श्वास घेऊन थांबत नाही.

कापडाचं म्हणाल तर ते, म्हणजे ईडीसी (इलेक्ट्रोस्टॅटिक डस्ट कलेक्टर), हॉलंडमधून आलं, २००८ च्या आसपास, मुळात एंडोटॉक्सिन (काही बॅक्टेरियांच्या आवरणातलं विष) मोजायला. धूळ चांगली धरून ठेवतं, सांडत नाही. पण डीएनएसाठी ती कापडातून धुऊन बाहेर काढावी लागते, कापडात द्रव अडकतो, परत ते गाळा नाहीतर सेंट्रिफ्यूज करा. डिशमध्ये काय, ओलसर स्वॅबने सगळा तळ पुसला आणि स्वॅबचं टोक सरळ एक्स्ट्रॅक्शनच्या ट्यूबमध्ये. पॅसिव्ह कलेक्टरांच्या तुलना झालेल्या आहेत, रिकामी डिश त्यात कुठे फार मागे पडलेली नाही. डोळ्यांना धूळ दिसत नसली तरी पीसीआरला दिसते, घाबरू नका.

घाबरायचं ते ब्लँकला, म्हणजे मुद्दाम धूळ न घेतलेल्या कोऱ्या नमुन्याला. एवढ्या कमी डीएनएमध्ये एक्स्ट्रॅक्शन किटमधलाच डीएनए डोकं वर काढतो, २०१४ मध्ये हे चांगलंच गाजलं होतं. म्हणून दर दहा घरांमागे एक फील्ड ब्लँक: डिश घेऊन जायची, झाकण उघडायचं, लगेच लावायचं, बाकीच्या डिशबरोबर महिनाभर तिथेच ठेवून परत आणायची. शिवाय प्रत्येक एक्स्ट्रॅक्शन बॅचला एक नुसती किटची ब्लँक, आणि या सगळ्यांचं सिक्वेन्सिंगही करायचं, पैसे वाचवायला गाळायची नाही. आणि ओली-कोरडी घरं बॅचमध्ये मिसळून लावा. सगळी ओली घरं सोमवारी आणि सगळी कोरडी मंगळवारी अशी काढलीत तर तुम्ही सोमवार आणि मंगळवारची तुलना केलेली असेल.

स्वॅब कापसाचा घेऊ नका. आमच्याकडे एकदा १६एस च्या (बॅक्टेरिया ओळखायच्या जीनच्या, जो झाडांच्या क्लोरोप्लास्टमध्येही असतो) रीडमध्ये क्लोरोप्लास्टच क्लोरोप्लास्ट, आम्ही खूश की घरात झाडं असणार म्हणून परागकण आलेत. ब्लँक बघितली तर तिच्यातही तेच! कापूस हे झाड आहे हे आठवायला तीन पीएचडी लागल्या. सिंथेटिक टोकाचे, फ्लॉक्ड (टोकावर बारीक तंतू उभे लावलेले) घ्या.

एक शंका माझीही (नावाला जागायला हवं). सिक्वेन्सिंग टक्केवारी देतं. एका घरात पेनिसिलियम ४० टक्के आणि दुसऱ्यात २० म्हणजे पहिल्यात जास्त आहे असं नाही, दुसऱ्यात बाकीचे वाढलेले असू शकतात. क्यूपीसीआर करताय ते उत्तम, पण त्यातही मोजताय त्या जीनच्या कॉप्या, पेशी नाही, आणि बुरश्यांमध्ये जातीगणिक या कॉप्या प्रचंड कमीजास्त असतात. मेलेले-जिवंत तर दोन्हीत एकत्रच. रिपोर्टमध्ये "इतक्या पेशी" असं लिहिलंत तर व्हायव्हाला मी असलो तर सोडणार नाही.

बुरशीबाई

शंकासुर +१. अवांतर: उचललेलं सॅम्पल गाडीत दिवसभर उन्हात ठेवू नका. विशेषतः व्हॅक्यूमची धूळ. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की पाणी सांडलेलं नसतानाही धुळीत बुरशी वाढायला लागते, म्हणजे पिशवीत बंद केलेली दमट धूळ स्वतःच प्रयोग सुरू करते. सिलिका जेलची पुडी बरोबर टाका आणि लॅबला पोचल्या पोचल्या उणे २० मध्ये, जमलं तर उणे ८० मध्ये.

धूळभेट

वाखु (वाचनखूण) साठवली, धाग्याची प्रिंटच काढतेय. तर ठरलं असं: सगळ्या ४० घरांत दोन-दोन डिश, २८ दिवस, आणि उचलायला जाईन तेव्हा त्याच फेरीत गादीवरून १ चौरस मीटर व्हॅक्यूम, प्रत्येक घराला वेगळं तोंड. दोन्हींचा डेटा वेगळा ठेवणार, मिसळणार नाही. डिश किती उंचीवर ठेवू? आणि दोन डिश एकत्रच का वेगवेगळ्या खोल्यांत?

नमुनेदार

दीड ते दोन मीटर, म्हणजे मुलांचा हात पोचणार नाही आणि उभ्या माणसाच्या श्वासाच्या आसपास. पंख्याखाली नको, खिडकीत नको, एसीच्या झोतात नको. दोन्ही एकाच खोलीत, एकाच फळीवर, वीतभर अंतराने, आणि एक्स्ट्रॅक्शन वेगवेगळं करा. आधी पाच घरांवर करून बघा. एकाच फळीवरच्या दोन डिश जर एकमेकींपासून दोन घरांइतक्याच वेगळ्या निघाल्या तर ४० घरं करण्यात अर्थ नाही, आधी डिश वाढवा. आणि प्रत्येक घरी आर्द्रतेचा छोटा लॉगर सोडून या, "ओल धरलेलं घर" हे घरमालकाच्या सांगण्यावर ठेवू नका. मला एका घरी ओल अजिबात नाही असं ज्या भिंतीला टेकून सांगत होते, तिचा पोपडा बोलता बोलता त्यांच्या खांद्यावर पडला.

धूळभेट

😂 लॉगर लिस्टमध्ये टाकला. आणि आजींसाठीचं कार्डही. पाच घरांचे आकडे आले की इथेच टाकते.