मार्चअखेर आणि पवित्र सप्ताह एकत्र आल्यास प्रायश्चित्तकाळ कसा पाळावा?

वसईकर: ईस्टरपूर्वीचा उपवास-प्रार्थनेचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. २०२६ साली तो बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला असल्यामुळे ३१ मार्च पवित्र सप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, मंगळवारी येतो. मी लेखा विभागात काम करतो आणि काही तरुण सहकारी माझ्या हाताखाली आहेत. हिशेब बंद करताना घरी पोहोचायला रात्र होते, शुक्रवारची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत केलेली प्रार्थना) चुकते, आणि रोज एक वेळ उपाशी राहण्याचा संकल्प केला की कामावर चिडचिड होते. अशा स्थितीत हा काळ प्रामाणिकपणे कसा पाळावा?

मिस्सासेवक: ख्रिस्तसभेचा नियम आणि आपला संकल्प वेगळे ठेवावेत. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपवास बंधनकारक आहे, तोही १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडेसे खाणे चालते. शिवाय, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतच्या ४६ दिवसांतून सहा रविवार वगळूनच परंपरेने चाळीस दिवस मोजतात, कारण प्रत्येक रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस आहे. तुम्ही मात्र रविवारीही स्वतःला सूट देत नसाल, असे वाटते.

शब्दवाचक: मला तुमच्या प्रश्नातले हाताखालचे सहकारी अधिक महत्त्वाचे वाटतात. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात देवाची तक्रार हीच आहे की लोक उपवास करतात आणि त्याच दिवशी आपल्या कामकऱ्यांना राबवून घेतात. त्याला हवा असलेला उपवास म्हणजे जोखडाची बंधने सोडणे आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे. तेव्हा एक वेळचे जेवण सोडून त्या मुलांवर ओरडण्यापेक्षा पोटभर जेवावे, त्यांच्या कामाची नीट वाटणी करावी आणि ज्याचे घर दूर आहे त्याला आधी सोडावे. हे उपवासाहून सोपे नाही, हे मी माझ्या कार्यालयात अनुभवतो.

नगरचा उपासक: मी प्रोटेस्टंट आहे. आमच्या मंडळीत उपवासाचा असा नियम नाही, पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली दान, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही आम्ही एकत्र धरतो, त्यामुळे एक जमले नाही तर उरलेली दोन असतातच. क्रुसाची वाट चुकली, तर त्या दिवसाचा शास्त्रपाठ लोकलमध्ये वाचता येईल. २ एप्रिलच्या गुरुवारची संध्याकाळ मात्र वरिष्ठांकडे आताच मागून ठेवा. तोवर ३१ मार्च उलटून गेलेला असेल, आणि येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करणाऱ्या पाय धुण्याच्या विधीला तुम्हाला हजर राहता येईल.