पोवळ्याची जखम ‘भरते’ की ‘बुजते’?

अनुवादिका: मालवणला समुद्रात बुड्या मारायला नेणाऱ्या मित्रासाठी फलक मराठीत करतेय. ‘जखमी पोवळे पुन्हा बरे होते’ असं लिहिलं, पण कानाला खटकतंय. ‘पोवळे’ चालेल ना?

दर्यावर्दी: नको. अंगठीतलं लाल पोवळं मूळ भूमध्य समुद्रातलं; वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही आणि प्रवाळभिंतही बांधत नाही. भिंत बांधणारं ते दगडी प्रवाळ. शब्द तसे एकाच घरचे, दोन्ही संस्कृत ‘प्रवाल’वरून आलेले. प्रवाल म्हणजे कोवळा कोंबसुद्धा! भूगोलातलं ‘प्रवाळकीटक’ही टाळा. प्रवाळ बांधणारा इवलासा जीव कीटक नव्हे, समुद्रफुलाचा भाऊबंद आहे.

अनुवादिका: बरं, आणि जखम?

खडकलाव्या (खडकावर प्रवाळाचे तुकडे लावणारा): आपली जखम तळातून भरत येते. प्रवाळाचं तसं नाही. जिवंत भाग म्हणजे वरची पातळ साय, खाली सगळा चुन्याचा सांगाडा. नांगर घासला की साय निघते आणि पांढरा दगड उघडा पडतो. मग चहूकडून कडा त्यावर सरकत येतात, झाडाची साल खरवडल्यावर येतात तशा. चट्टा लहान असेल तर बुजतो. मोठा असेल तर आधी शेवाळ बसतं आणि कडा तिथेच अडतात. म्हणून ‘बुजणे’, कान टोचलेलं भोक बुजतं तसं.

दर्यावर्दी: ‘बुजणे’ मान्य, पण मोडलेल्या फांदीचं काय? शिंगांसारख्या फांद्यांचं प्रवाळ वर्षाला 10 सेंमी किंवा जास्तही वाढतं. त्याचा तुकडा पडला आणि स्थिर राहिला तर खडकाला चिकटून नवी वसाहत, म्हणजे त्या इवल्या जिवांचा एकसंध समूह, होते. त्याला ‘रुजणे’ म्हणू नये, मूळच नाही. आमच्याकडे ‘तुकड्यान धरल्यान’ म्हणतील. पोराइटिस नावाच्या दगडी प्रवाळाच्या गोलसर ढेकळांना मात्र सेंटिमीटरभर वाढायलाच साधारण वर्ष लागतं.

खडकलाव्या: एकाच वसाहतीचे तुकडे शेजारी ठेवले तर कडा भिडताच ‘एकजीव’ होतात, शब्दशः. परक्या वसाहतीचा तुकडा असेल तर तिथे भांडण.

अनुवादिका: मग असं लिहिते: ‘लहान चट्टा बुजतो, पडलेला तुकडा धरतो, सख्खे तुकडे एकजीव होतात.’ आणि पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं म्हणायचं का?

दर्यावर्दी: लगेच नाही. पाणी तापलं की आतलं रंगीत सूक्ष्म शैवाल निघून जातं, प्रवाळ उपाशी पडतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. याला पुस्तकात ‘विरंजन’ म्हणतात, पण तो शब्द कंसातही नको, लोकांना कपडे धुण्याची पावडर आठवते.

खडकलाव्या: फलकावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत ‘पाय टेकू नका’ घाला. दमले की लोक प्रवाळावरच उभे राहतात.