मदत हवी आहे : मोठी उचल घ्यावी की हक्क राखावेत?

माझ्या मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद पूर्ण झाला असून एका लिटररी एजंटने (लेखक व प्रकाशक यांच्यातील मध्यस्थाने) त्यासाठी प्रकाशकाचा प्रस्ताव आणला आहे. आजवर मी मराठी प्रकाशकांशी थेट बोलूनच व्यवहार केले, त्यामुळे ही वाट मला नवी आहे.

अ‍ॅडव्हान्स ही पुढच्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीवर लेखकाला मिळणाऱ्या वाट्यातून, वळती होणारी उचल असते आणि पुस्तक कमी खपले तरी ती सहसा परत करावी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. एजंटचे कमिशन साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के असते, तेही लेखकाला पैसे मिळाल्यावरच. हस्तलिखित वाचण्याचे शुल्क एजंटने मागितले नाही, याचे मला समाधान वाटते.

चिंता कराराची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांच्या हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. माझ्यापुढील मसुद्यात मात्र कॉपीराइटची संपूर्ण मुदत, जगभरचे हक्क आणि शिवाय चित्रपटाचे व श्राव्य पुस्तकाचे हक्क एकत्र मागितले आहेत. उचल मोठी आहे म्हणून एजंट सहीचा आग्रह धरतात, पण लेखकाच्या वतीने घासाघीस करणे हेच त्यांचे मुख्य काम आहे, असे मला मनापासून वाटते.

कमी उचल घेऊन चित्रपटाचे हक्क कोणी स्वतःकडे राखले आहेत का? पुस्तक छपाईबाहेर गेल्यास हक्क परत मिळण्याचे कलम कसे लिहून घ्यावे? अनुवादिकेचा वाटा उचलीतूनच द्यावा की तिच्याशी स्वतंत्र करार करावा? अनुभवी लेखकांनी कृपया सविस्तर लिहावे.